बेरोजगारी ५.१ वरून ५.६ झाली म्हणजे नक्की काय झालं?

प्रश्न थोडक्यात असा होता: "मी २६ वर्षांचा, एमपीएससीची तयारी करतोय, पुण्यात मामाकडे राहतो. सरकार म्हणतं बेरोजगारी ५ टक्क्यांच्या आसपास. अमेरिकेत पण ४ च्या वर आहे. म्हणजे आपण जवळपास बरोबरीला आलो का? मग माझ्या ग्रुपमधली निम्मी पोरं रिकामी कशी? आणि २०२५ च्या एप्रिलमधे ५.१ होती ती मे मधे एकदम ५.६, एका महिन्यात इकॉनॉमी घसरली का? की हे आकडे बनवलेलेच असतात? शेवटचं, मी शनिवार-रविवार मामाच्या स्टेशनरीच्या दुकानात बसतो, पैसे घेत नाही, बाकी दिवस अभ्यास. मग माझी गणती कशात होते?"

तुला 'तू'च म्हणतो, माझा मुलगा तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे. मी नोकरीतली २७ वर्षं सरकारी घरोघरच्या सर्वेक्षणात काढली, आधी दारोदार फिरणारा आणि नंतर फिरणाऱ्यांचे फॉर्म तपासणारा. अर्थतज्ज्ञ वगैरे नाही. पण हा आकडा ज्या फॉर्ममधून येतो तो मी हजारो वेळा भरलाय त्यामुळे त्यात काय मावतं आणि काय सांडतं एवढं मला माहितीये.

तू पाच प्रश्न विचारलेस पण गाठ एकच आहे. तू बेरोजगारी म्हणतोस तेव्हा तुझ्या डोळ्यासमोर 'धड नोकरी नाही' असा माणूस असतो. फॉर्ममधे बेरोजगार म्हणजे ज्याने गेल्या सात दिवसांत एक ताससुद्धा कुठलंही काम केलं नाही, आणि जो काम शोधत होता किंवा मिळालं असतं तर करायला तयार होता असा माणूस. एक तास. चुकून नाही लिहिलं, खरंच एक तास. भाजीच्या गाडीवर, शेतात, भावाच्या गॅरेजमधे, कुठेही. आणि घरच्याच धंद्यात हात लावला असेल तर पैसे मिळालेच पाहिजेत असंही नाही. म्हणजे तू जो माणूस शोधतोयस तो या आकड्यात नसतोच, तो 'रोजगार असलेल्यां'च्या रांगेत उभा असतो.

हे कागदावर वाचून कळत नाही म्हणून एक सांगतो. सोलापूरला, पूर्व भागात, बरीच वर्षं झाली. दुपारी एका घरी गेलो तर बाई उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बसलेल्या, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, बोटं चालूच. विचारलं, ताई तुम्ही काय काम करता? "काय नाय, घरीच असते." एवढं बोलेपर्यंत दोन विड्या वळून बाजूला पडल्या. मी म्हटलं, ह्या दिवसाला किती होतात? तर म्हणे कधी आठशे, कधी हजार. मग हे काम नाही का? "हे व्हय? हे तर रोजचंच हाय."

आता मला त्या दिवशी अजून आठ घरं करायची असती आणि मी पहिलं उत्तर घेऊन उठलो असतो, तर त्या बाईंपुढे ९२ चा कोड पडला असता, म्हणजे फक्त घरकाम. ९२ म्हणजे कामगारही नाही आणि बेरोजगारही नाही, हिशोबाच्या बाहेर. नीट विचारलं म्हणून त्या कामगार झाल्या. बाई तीच, सूप तेच. फक्त मी अजून दोन प्रश्न विचारले. बायकांचा श्रमातला सहभाग (काम करणाऱ्या आणि शोधणाऱ्या मिळून) २०१७-१८ मधे २३.३ टक्के होता तो २०२३-२४ मधे ४१.७ झाला हे तू वाचलं असशील. त्यात खरी वाढ किती, आणि विचारायची पद्धत सुधारली म्हणून दिसायला लागलेली किती, आणि घरात पैसा पुरेना म्हणून बाई शेतात उतरली अशी किती, यावर मोठमोठे प्रोफेसर अजून भांडतायत. माझा अनुभव सांगतो की तिन्ही आहे. कुठल्या जिल्ह्यात कुठलं जास्त ते त्या त्या जिल्ह्यावर.

आता अमेरिका. तिकडेही एक तास पगारी काम केलं तर माणूस कामावर धरतात, त्या बाबतीत फरक नाही. पण घरच्या दुकानात किंवा शेतावर बिनपगारी मदत करणारा असेल तर तिकडे आठवड्याला निदान १५ तास केले तरच तो कामावर मोजला जातो, आपल्याकडे एक तास पुरतो. आणि तिकडे बेरोजगार ठरायला गेल्या चार आठवड्यांत काम शोधण्यासाठी काहीतरी हालचाल केलेली लागते. वय पण तिकडे १६ पासून धरतात, आपण १५ पासून. हे सगळं एकवेळ जुळवून घेता येईल, पण खरा फरक फॉर्मच्या बाहेर आहे. तिथे नोकरी गेली तर काही महिने भत्ता मिळतो, माणूस घरी बसून दुसरी नोकरी शोधू शकतो. आपल्याकडे बहुतेकांना असं बसणं परवडत नाही. फॅक्टरीतून काढलं की दुसऱ्या आठवड्यात गडी रिक्षा भाड्याने घेतो नाहीतर गावाकडे जाऊन भावाच्या दोन एकरात उभा राहतो. आमच्या फॉर्ममधे तो एक दिवसही बेरोजगार नसतो.

म्हणूनच आपल्याकडे उलटं चित्र दिसतं, अजिबात न शिकलेल्यांमधे बेरोजगारी जवळपास शून्य, आणि पदवीधरांमधे २०२२-२३ ला १३ टक्क्यांच्या वर. डिग्री असलेल्याच्या घरी निदान दोन वर्षं थांबायची ऐपत असते. तुझ्या ग्रुपमधली निम्मी पोरं रिकामी का दिसतात त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. मे २०२५ ला एकूण दर ५.६ होता तेव्हा १५ ते २९ वयाचा १५ टक्के होता आणि शहरातल्या त्याच वयाचा जवळपास १८. तुझी गल्ली आणि सरकारचा आकडा यांचं भांडण नाहीये, तू त्या तक्त्यातली तुझी ओळ बघितली नाहीस एवढंच.

ही अडचण काय आज कळलेली नाही बरं का. १९७० साली दांतवाला समितीने सांगून ठेवलंय की आपल्यासारख्या देशात बेरोजगारीचा एकच एक आकडा काढणं बरोबर नाही, कारण इथले लोक पगारी नोकर कमी आणि शेती, घरधंदा, रोजंदारी असं मिसळून जगणारे जास्त. तेव्हापासून आपण वर्षाचं नेहमीचं काम वेगळं मोजतो आणि चालू आठवड्याचं वेगळं. हा फरक किती मोठा असू शकतो बघ. लॉकडाऊनच्या एप्रिल ते जून २०२० या तीन महिन्यांत शहरांमधला आठवड्याच्या हिशोबाचा दर २१ टक्क्यांच्या आसपास गेला. आणि ते तीन महिने ज्या वर्षात येतात (सर्वेक्षणाचं वर्ष जुलै ते जून) त्या २०१९-२० चा सगळ्या देशाचा, वर्षाच्या नेहमीच्या कामाचा दर ४.८, म्हणजे आदल्या वर्षीच्या ५.८ पेक्षा कमी! सर्वेक्षण एकच, दोन्ही आकडे खरे. कुणाला सरकारची बाजू मांडायची तर तो ४.८ घेतो, कुणाला झोडायचं तर २१ घेतो, आणि दोघं चॅनेलवर एकमेकांना खोटारडे म्हणतात.

बरं, आता मासिक आकड्याकडे येतो, तुझा खरा मुद्दा तोच होता. हे मासिक प्रकरण आपल्याकडे नवीन आहे. पीएलएफएस, म्हणजे हा आकडा ज्यातून येतो ते सरकारचं श्रमबळाचं सर्वेक्षण, २०१७ पासून आहे पण आधी वर्षाला एक आकडा आणि शहरांचा तिमाही आकडा यायचा. जानेवारी २०२५ पासून रचना बदलली, नमुना वाढवला, आणि एप्रिल २०२५ पासूनचे आकडे महिन्याला यायला लागले, ते चालू आठवड्याच्या व्याख्येचे. तेव्हा कुणी ३.२ शी (ते २०२३-२४ चं नेहमीच्या कामाचं) या ५.१ ची तुलना करून बेरोजगारी वाढली म्हणत असेल तर त्याला तिथेच थांबव, त्या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत.

एप्रिलमधे ५.१, मे मधे ५.६, जूनमधे ५.६, जुलैत ५.२, ऑगस्टमधे ५.१. पेपरात काय आलं असेल? वाढली, स्थिर, घटली, अजून घटली. आता तेच मी माझ्या पद्धतीने मांडतो. १५ वर्षांवरची हजार माणसं धर. एप्रिलमधे त्यातली ५२८ कामावर होती आणि २८ बेरोजगार. (दर काढताना बेरोजगारांना या दोघांच्या बेरजेने भागतात, हजाराने नाही.) मे मधे कामावर ५१७, बेरोजगार ३१. म्हणजे निव्वळ ११ जण कामावरून कमी झाले पण बेरोजगारांच्या यादीत वाढले फक्त ३. उरलेले ८ गेले कुठे? ते काम शोधणाऱ्यांतूनच उठले. घरी गेले, ९२ झाले, ९७ म्हणजे 'इतर' झाले, जे काय असेल ते. बेरोजगारीच्या दराला ते दिसतच नाहीत, ना वरच्या आकड्यात ना खालच्या.

आणि जून बघ, गंमत तिथे आहे. दर ५.६ चा ५.६, हेडलाइन 'बेरोजगारी स्थिर'. पण कामावरची माणसं ५१७ वरून ५१२ झाली. अजून ५ गेली आणि बेरोजगार ३१ चे ३० झाले. काम कमी झालं, शोधणारेही कमी झाले, भागाकार तेवढाच आला. ऑगस्टमधे दर परत ५.१, एप्रिलएवढा, सगळं पूर्ववत असं वाटेल, पण कामावर ५२२ च होते, एप्रिलपेक्षा ६ कमी. दर हा अपूर्णांक आहे रे, वरचा आणि खालचा दोन्ही हलतात, आणि आपण नुसतं उत्तर वाचतो. म्हणून मी बुलेटिन उघडलं की पहिल्यांदा कामावरची लोकसंख्या किती टक्के ते बघतो, मग सहभाग, आणि बेरोजगारीचा दर तिसरा.

मग ते ११ लोक म्हणजे इकॉनॉमी घसरली का? इथे जरा दम धर. मे पासून पाऊस पडेपर्यंतचा हा आपल्याकडे शेतीतला रिकामा काळ. रब्बीची काढणी संपलेली, पाऊस नाही, ऊन असं की बारा ते चार कुणी बाहेर पडत नाही. बीडकडच्या गावात मी जानेवारीत गेलोय तर गल्लीच्या गल्ली कुलुपात, नवराबायकोचा कोयता उचल घेऊन कारखान्याच्या फडावर, मागे म्हातारी आणि शाळेची पोरं. तेच गाव मे मधे भरलेलं, पारावर जागा नाही. गावात काम जानेवारीतही नव्हतं आणि मे मधेही नाही, पण मे मधे माणसं तिथे असतात आणि फॉर्ममधे येतात. त्या बायकांना विचारलं की काम शोधताय का, तर म्हणतात आता कुठलं काम, पाऊस पडू दे. म्हणजे बेरोजगार नाही, बाहेर. २०२५ मधे देशभरात बायकांचा सहभाग (चालू आठवड्याच्या पट्टीवर) एप्रिलच्या ३४.२ वरून जूनमधे ३२ वर आला त्यात हे बरंचसं असणार, आणि जुलैत पेरण्या-लावण्या लागल्यावर तो परत वर सरकला.

असले हंगामी चढउतार अमेरिकेत गणिताने काढून टाकतात, मगच आकडा देतात. त्यासाठी अनेक वर्षांची महिनावार माहिती हाताशी लागते. आपली मालिकाच एप्रिल २०२५ ला सुरू झाली. त्यामुळे आपल्याकडे मे ची तुलना एप्रिलशी करायचीच नाही, मे ची मे शी करायची, आणि तेही दोनचार वर्षं गेल्यावर नीट अर्थ लागेल.

त्यात परत नमुन्याचा प्रश्न. महिन्याला साधारण ८९ हजार घरांत जाऊन हे काढतात, ऐकायला खूप वाटतं आणि देशाच्या एका आकड्यासाठी ते चांगलंच आहे. अमेरिकेत ६० हजार घरं घेतात. पण तिकडेही ०.२ टक्क्याच्या आतला बदल असला तर तो खरा बदल आहे असं छातीठोक सांगता येत नाही. तेव्हा जुलै ५.२ आणि ऑगस्ट ५.१ यावरून 'बेरोजगारीत घट' असं हेडिंग करणाऱ्याला मी माझ्या हाताखाली ठेवलं नसतं. आणि तू खाली गेलास, म्हणजे शहरी, मग त्यात बायका, मग त्यात १५ ते २९, की त्या ८९ हजारातली तुझ्या कामाची माणसं थोडीच उरतात आणि आकडा उगाच उड्या मारतो. मासिक बुलेटिन सुरू झालं तेव्हा त्यात फक्त देशाचे आकडे ठेवले, राज्यांचे ठेवले नाहीत ते याच कारणाने योग्य केलं असं माझं मत. कुणी 'महाराष्ट्राची या महिन्याची बेरोजगारी' म्हणून २०२५ चा आकडा फॉरवर्ड केला तर विचार, बाबा कुठून आणलास?

आता बनवलेले असतात का. माझ्या २७ वर्षांत मला कुणी आकडा सांगून फॉर्म भरायला लावला नाही. आळशी लोक होते, बंद घराच्या जागी शेजारचं सोपं घर घेणारे होते, त्यांना पकडायचं हेच माझं शेवटच्या वर्षांतलं काम होतं. पण ते वेगळं. आकडा बनवण्यापेक्षा आकडा दाबणं सोपं असतं आणि ते आपण बघितलंय. २०१७-१८ चा पहिला पीएलएफएस अहवाल लांबला, जानेवारी २०१९ मधे राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी या दोघांनी राजीनामे दिले, पेपरात आकडा फुटला, आणि निवडणूक झाल्यावर मे अखेर अधिकृत जाहीर झाला तोच ६.१ टक्के. आकडा तोच राहिला, फक्त वेळ निवडली गेली. तिकडे अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मधे मे-जूनच्या नोकऱ्यांचा अंदाज सुधारून २ लाख ५८ हजारांनी कमी केला तर ट्रम्पने त्याच दिवशी कामगार आकडेवारी खात्याच्या प्रमुख एरिका मॅकएन्टार्फर यांना काढून टाकलं. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे वाचून वाईट वाटतं कारण आकडा मागाहून सुधारणं हा प्रामाणिकपणाचा भाग आहे, उशिरा आलेले फॉर्म जोडले की तो बदलणारच.

दुसरं, मुंबईची सीएमआयई ही खासगी संस्था पण बेरोजगारीचे आकडे काढते आणि ते बहुतेक वेळा सरकारीपेक्षा बरेच वर असतात, एप्रिल २०२० ला तर २३ च्या वर होता. लोक म्हणतात एक खरा एक खोटा. त्यांची पट्टी सर्वेक्षणाच्या दिवसाजवळची आणि जास्त कडक आहे, किरकोळ हातभाराला ते काम धरत नाहीत. घरकाम सांभाळून थोडंसं काम करणाऱ्या कित्येक जणी तिकडे वेगळ्या रकान्यात पडतात. तुला 'धड काम' मोजायचं असेल तर ती पट्टी जवळची वाटेल, पण ग्रामीण बायकांबाबत ती फार कडक आहे असं मला वाटतं.

आणि ईपीएफओचे, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संघटनेचे, आकडे येतात दर महिन्याला, इतके लाख नवीन सदस्य. ते उपयोगी आहेत पण त्याचा अर्थ तेवढ्या नोकऱ्या तयार झाल्या असा नाही. १९ माणसांच्या वर्कशॉपमधे विसावा आला की कायदा लागू होतो आणि वीसच्या वीस नव्याने दिसतात. नोकरी एक, आकडा वीस.

मी स्वतः काय बघतो ते सांगतो, कारण 'मग बघायचं काय' हा प्रश्न तू पुढे विचारणारच. लोक कुठल्या प्रकारचं काम करतायत ते. २०१७-१८ ला कामावरच्या शंभरात ५२ स्वयंरोजगारवाले होते, २०२३-२४ ला ५८ झाले. त्याच काळात बेरोजगारी ६.१ वरून ३.२ वर आली. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाच. स्वयंरोजगार म्हणजे स्टार्टअपवाला पण आणि चौकात मोबाईल कव्हर विकणारा पण, आणि घरच्या शेतात बिनपगारी राबणारी सून पण. मग पगारी नोकऱ्यांचं प्रमाण आणि रोजंदारीचे दर महागाई वजा करून. आणि गावाकडे रोजगार हमीवर कामाची मागणी. आपण महाराष्ट्रातल्यांनी हे १९७२ च्या दुष्काळापासून बघितलंय, खडी फोडायला, बांध घालायला माणूस हौसेने येत नाही. त्या कामाला मागणी वाढली की गावात दुसरं काही उरलेलं नाही, त्याला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

राहता राहिला तुझा शेवटचा प्रश्न. तुझ्यासारखी पोरं शोधणं हे आमचं सगळ्यात कटकटीचं काम होतं. पेठेतल्या खोल्या, एका खोलीत पाच कॉट, सकाळी सातला अभ्यासिकेत गेलेली पोरं रात्री अकराला येणार, घरमालकीण म्हणणार मला काही माहिती नाही. मी दोनदा रात्री साडेअकराला जाऊन फॉर्म भरलेत. त्यातला एक जण म्हणाला सर तुमची पोस्ट कुठल्या परीक्षेतून निघते, फॉर्म माझ्याआधी तोच भरायला बसला.

क्लासला नाव असेल तर साधारण ९१, शिक्षण घेतोय, हिशोबाच्या बाहेर. क्लास नाही, नुसता स्वतःचा अभ्यास, आणि मी विचारलं की गेल्या आठवड्यात काम मिळालं असतं तर केलं असतंस का आणि तू हो म्हणालास तर बेरोजगार. नाही म्हणालास, परीक्षा झाल्याशिवाय नाही, तर परत बाहेर. तुझ्या ग्रुपमधे हे तिन्ही नमुने असतील. पण तू मामाच्याच घरात राहतोस, एका चुलीवर जेवतोस, दुकान मामाचं, आणि शनिवार-रविवार गल्ल्यावर बसतोस, पैसे घेत नाहीस. एका तासाने काम भागतं आणि तुझे तर दोन दिवस भरतात. काम केलेलं असलं की ते आधी धरायचं, अभ्यास नंतर, असा नियम आहे. म्हणजे तू २१, घरच्या उद्योगातला मदतनीस.

मी आलो असतो तर तुला रोजगार असलेल्यांत टाकून गेलो असतो.